अंगठी, दंड आणि पापडीचं आसन

राइन नदीच्या पात्रात, आजच्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या उत्तरेला, कायझर्सवेर्थ नावाचं एक बेट होतं. १०६२ सालच्या वसंतात तिथल्या राजवाड्यात जर्मनीचा अकरा वर्षांचा राजा चौथा हेन्री आईसोबत मुक्कामाला होता. जेवणं आटोपल्यावर पाहुण्यांपैकी एकाने मुलाला सांगितलं, नदीवर माझं गलबत उभं आहे, फार सुंदर सजवलंय, बघायला चल. मुलगा हौसेने चढला. तो चढताच वल्हेकऱ्यांनी वल्ही टाकली आणि गलबत काठापासून सुटलं. आपल्याला ठार मारायला नेताहेत असं वाटून राजाने सरळ नदीत उडी घेतली. ब्राउनश्वाइगचा सरदार एकबेर्ट त्याच्यामागे पाण्यात उतरला म्हणून पोर वाचलं. निथळत्या कपड्यांनी राजाला परत गलबतावर घेतलं गेलं, गलबत कोलोन शहराकडे निघालं, आणि मुलाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या राजमाता आग्नेसच्या हातून कारभार गेला तो गेलाच.

गलबताचा मालक होता कोलोनचा आर्चबिशप, दुसरा आन्नो. ११८३ मध्ये पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं.

वसईत बसून या माणसाचं चरित्र वाचावं, असं त्यात काय आहे? वसईतल्या पापडीला कृपामातेचं, म्हणजे ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’चं, चर्च आहे. पोर्तुगीज काळापासूनचं हे चर्च १९९८ पासून वसई धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. बिशपचं अधिकृत आसन ज्या चर्चमध्ये असतं, ते त्या धर्मप्रांताचं कॅथेड्रल. वसईत ख्रिस्ती धर्म रुजला सोळाव्या शतकात, आणि आसन आलं विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. मधली साडेचारशे वर्षं वसईचा बिशप दुसऱ्या गावी बसत होता. तो कोणी नेमायचा, यावर राजे, पोप आणि सरकारं भांडत होती. या भांडणाची सुरुवात समजून घ्यायची तर आन्नोच्या जर्मनीत जावं लागतं.

आन्नोचा जन्म १०१० च्या सुमाराचा, स्वाबिया प्रांतातल्या एका मध्यम दर्जाच्या सरदार घराण्यातला. बाम्बेर्गच्या चर्चच्या शाळेत तो शिकला आणि पुढे तिथेच मुख्य झाला. हुशारीमुळे सम्राट तिसऱ्या हेन्रीच्या नजरेत भरला. १०५६ मध्ये कोलोनची जागा रिकामी झाली तेव्हा सम्राटाने ती त्याला दिली. ती देण्याचा एक विधी होता. राजा नव्या बिशपच्या बोटात अंगठी घालायचा आणि हातात मेंढपाळाच्या काठीसारखा वाकडा दंड द्यायचा. अंगठी ही ख्रिस्तसभेशी लागलेल्या लग्नाची खूण, दंड ही माणसांच्या कळपाची राखण करण्याची खूण. दोन्ही धर्माची चिन्हं, पण देणारा हात राजाचा.

राजाला हा हक्क कुठून मिळाला, याचं उत्तर जमिनीत आहे. जर्मनीतल्या मोठ्या सरदारांना जहागीर दिली की ती बापाकडून मुलाकडे जायची आणि दोन पिढ्यांत सरदार राजालाच डोळे दाखवायचा. बिशपला औरस वारस नसतो. तो गेला की जहागीर राजाकडे परत येते आणि राजा पुन्हा आपल्या माणसाला देऊ शकतो. शिवाय बिशप लिहिता-वाचता असायचा, हिशेब ठेवायचा, पत्रव्यवहार सांभाळायचा. म्हणून दहाव्या शतकापासून जर्मन राजांनी बिशपांना किल्ले, बाजारपेठा, टाकसाळी, जकात, न्यायदान असं सगळं बहाल केलं. पहिल्या ओटोने तर ९५३ मध्ये आपला सख्खा भाऊ ब्रूनो याला एकाच वेळी कोलोनचा आर्चबिशप आणि लोथरिंगिया प्रांताचा ड्यूक केलं. सकाळी मिस्सा अर्पण करणारा माणूस दुपारी सैन्याचा बंदोबस्त पाहायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आन्नो बसला तो याच गादीवर.

राजाला पळवल्यानंतर काही काळ आन्नो जर्मनीचा कर्ताकरविता होता. मग ब्रेमेनचा आर्चबिशप आडालबेर्ट भागीदार म्हणून पुढे आला, आणि लहान राजाचं मन आन्नोपेक्षा त्याच्याकडे ओढलं गेलं. १०६५ मध्ये हेन्री वयात आला, त्याच्या कमरेला तलवार बांधली गेली, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो आन्नोवर चाल करून जाण्याचा. आईने आवरलं. पळवून नेलेलं मूल ते विसरलं नव्हतं, आणि यात मला तरी नवल वाटत नाही.

आन्नोने हाती आलेली सत्ता नातलगांसाठी मोकळ्या हाताने वापरली. भाऊ वेर्नर माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला, भाचा बुर्खार्ड हाल्बरश्टाटचा बिशप होता. १०६६ मध्ये ट्रियरची गादी रिकामी झाली तेव्हा दुसरा भाचा कोनराड याला ती मिळावी म्हणून आन्नोने राजाकडे वजन वापरलं. ट्रियरच्या धर्मगुरूंना आणि नागरिकांना कोणी विचारलंच नाही. नवा आर्चबिशप सैनिकांच्या सोबतीने निघाला, पण शहरात पोचण्याआधीच ट्रियरच्या लोकांनी त्याला वाटेत पकडलं, कड्यावरून फेकलं आणि शेवटी तलवारीने मारलं. कृत्य क्रूर होतं यात शंका नाही. पण त्यामागची तक्रार शतकानुशतकं ठिकठिकाणी ऐकू येत राहिली आहे: आमच्या माथी बाहेरचा माणूस का मारता?

कोलोनमध्ये त्याच्या स्वतःच्या लोकांशी त्याचं कसं होतं, ते १०७४ च्या ईस्टरला दिसलं. म्युन्स्टरचे बिशप सणासाठी पाहुणे आले होते. त्यांना परत पोचवायला गलबत हवं म्हणून आर्चबिशपची माणसं धक्क्यावर गेली आणि एका श्रीमंत व्यापाऱ्याचं माल भरून तयार असलेलं गलबत त्यांनी ताब्यात घेतलं. आतला माल बाहेर काढायचा हुकूम सुटला. व्यापाऱ्याचा तरुण मुलगा आडवा आला, त्याचे मित्र जमले, नोकरांना पिटाळून लावलं गेलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं शहर आर्चबिशपच्या वाड्यावर चालून गेलं. तळघरातल्या पिंपांमधून दारू वाहिली. कॅथेड्रलमध्ये लपलेला आन्नो रात्री वेश बदलून, तटबंदीत एका घराला मिळालेल्या लहानशा दारातून निसटला. चौथ्या दिवशी तो सैन्य घेऊन परतला. हेर्सफेल्डच्या मठातला इतिहासकार लाम्पेर्ट सांगतो की व्यापाऱ्याच्या मुलाचे आणि त्याच्या काही साथीदारांचे डोळे काढले गेले, बाकीच्यांना फटके बसले, आणि सहाशेहून अधिक व्यापारी शहर सोडून राजाच्या आश्रयाला गेले. गजबजलेलं कोलोन ओस पडलं.

संतपदाचं काय मग? आन्नोची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. तो स्वतः कडक उपवास करायचा, रात्री प्रार्थनेत घालवायचा, गरिबांना दान वाटायचा. सैल झालेल्या मठांना त्याने शिस्त लावली, आणि १०६४ मध्ये कोलोनजवळ सीगबुर्गच्या टेकडीवर नवा मठ स्थापन केला. रोममध्ये दोन पोप एकमेकांसमोर उभे ठाकले तेव्हा सुधारणावादी दुसऱ्या अलेक्झांडरच्या बाजूने निकाल लागावा यासाठी तो झटला. शेवटच्या काळात पायाच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळत गेला. कोलोनच्या बंडखोरांवर घातलेला बहिष्कार त्याने मागे घेतला, आणि ४ डिसेंबर १०७५ रोजी त्याला मरण आलं. सीगबुर्गला त्याच्या अस्थींची सोन्याने मढवलेली पेटी आजही आहे. त्याच्या स्तुतीसाठी रचलेलं ‘आन्नोलीड’ हे काव्य जुन्या जर्मन वाङ्मयातली महत्त्वाची रचना मानलं जातं. संत म्हणून त्याला आठवणाऱ्या भिक्षूंनी त्याचे उपवास आणि दानधर्म मोजले. मला मात्र त्याच्या चरित्रातून धक्क्यावरचं ते गलबत वगळता येत नाही. एकाच हातात दंड आणि तलवार दिली की चांगल्या माणसाचंही काय होतं, ते त्या एका दिवसात दिसतं.

आन्नो गेला त्याच वर्षी रोममध्ये पोप सातव्या ग्रेगरीने, राजाने बिशपला अंगठी आणि दंड देण्याला उघड विरोध सुरू केला. धर्माची पदवी धर्मानेच द्यायची, हा त्याचा आग्रह. वयात आलेला चौथा हेन्री संतापला. १०७६ च्या जानेवारीत वोर्म्स शहरी जमलेल्या जर्मन बिशपांनी राजाच्या सांगण्यावरून पोपलाच अमान्य केलं. पोपने राजाला ख्रिस्तसभेबाहेर काढलं आणि प्रजेला त्याच्या निष्ठेतून मोकळं केलं. सरदारांना हेच हवं होतं. गादी वाचवायला हेन्री भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून इटलीत कानोसाच्या किल्ल्यापाशी गेला, आणि १०७७ च्या जानेवारीत तीन दिवस पश्चात्ताप करणाऱ्याच्या वेशात बर्फात, दाराबाहेर उभा राहिला. ग्रेगरीने क्षमा केली, पण भांडण मिटलं नाही. ते मिटायला दोन्ही बाजूंची पुढची पिढी यावी लागली. २३ सप्टेंबर ११२२ च्या वोर्म्सच्या तहात सम्राटाने अंगठी आणि दंड देण्याचा हक्क सोडला. जमीन आणि कारभाराची खूण म्हणून राजदंडाचा स्पर्श करण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला. निवड चर्चच्या लोकांनी करायची, राजाने हजर असायचं.

यामुळे जर्मन आर्चबिशप राजकारणातून बाहेर पडले असं मात्र झालं नाही. १३५६ च्या फर्मानाने सम्राट निवडणाऱ्या सात जणांत माइन्झ, कोलोन आणि ट्रियर या तीन ठिकाणचे आर्चबिशप कायमचे बसले. त्यांची राज्यं नेपोलियनच्या काळापर्यंत टिकली.

पोर्तुगालच्या राजांनी वेगळा मार्ग काढला. समुद्रापलीकडे नव्या मुलखात चर्च बांधायची, धर्मगुरू पाठवायचे, त्यांचा खर्च करायचा, हे सगळं राजाने करायचं. त्या बदल्यात तिथल्या बिशपांची नावं सुचवण्याचा हक्क पोपने राजाला दिला. याला पाद्रोआदो म्हणतात. वोर्म्सला सम्राटाने सोडलेलं बरंचसं पोर्तुगीज राजाला रोमने अशा रीतीने राजीखुशीने दिलं, कारण एवढी दूरची चर्चं चालवण्याची ऐपत तेव्हा रोमकडे नव्हती. १५३४ हे वर्ष आपल्या दृष्टीने मोठं. त्या वर्षी गोव्याला बिशपची गादी मिळाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पाव शतकाच्या आत गोव्याची गादी आर्चबिशपची झाली.

वसई तेव्हा उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी. किल्ल्यात आजही फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा चारही संघांच्या मठांचे अवशेष उभे आहेत. भिंतींची उंची पाहिली की त्या वैभवाचा अंदाज येतो. एवढं असूनही वसईला स्वतःचा बिशप नव्हता. धर्माचा निर्णय गोव्याहून यायचा आणि गोव्याचा आर्चबिशप लिस्बनच्या मर्जीने यायचा. त्यांतला एक तर आन्नोच्या जातकुळीचाच होता. ऑगस्टिनियन संघाचा आलेइशो द मेनेझिस १५९५ मध्ये गोव्याचा आर्चबिशप झाला. १५९९ मध्ये त्याने केरळात उदयंपेरूरची सभा भरवून तिथल्या प्राचीन सिरियाई परंपरेच्या ख्रिस्ती लोकांवर लॅटिन शिस्त लादली. १६०७ ते १६०९ या काळात तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नरही होता, म्हणजे आरमार आणि मिस्सा दोन्ही एकाच माणसाकडे. पुढे तो पोर्तुगालला परतला आणि तिथे व्हाइसरॉय झाला. केरळच्या ख्रिस्ती लोकांनी १६५३ मध्ये मट्टानचेरीला जेझुइटांविरुद्ध शपथ घेतली, तिच्यामागे उदयंपेरूरची जखम होती.

गोव्यातल्या स्थानिक माणसासाठी तर ही गादी बंदच होती. दिवाडी बेटावरचा मातेउस द काश्त्रू हा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती. धर्मगुरू व्हायची इच्छा त्याने धरली, आणि गोव्याच्या आर्चबिशपने नाकारली. तो थेट रोमला गेला. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फीदे’ नावाचं स्वतःचं खातं काढलं होतं, आणि राजांच्या मक्त्याला पर्याय हवाच होता. काश्त्रू रोममध्ये शिकला, त्याला तिथेच दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला. भारतातला, लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. त्याला क्षेत्र मिळालं ते विजापूरच्या आदिलशाहीचं. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याला मान्य केलं नाही, म्हणून त्याने आदिलशाही हद्दीत डिचोलीला मुक्काम केला. त्याची नेमणूक ज्या क्षेत्रावर झाली, त्याच क्षेत्रातून पुढे मुंबईचा धर्मप्रांत वाढला. पण तो वाढला रोमच्या बाजूने, आणि वसई राहिली राजाच्या बाजूला. आपल्या किनाऱ्यावरची दुही इथून सुरू होते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तहात ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक होती. पोर्तुगीज अधिकारी आणि बहुतेक युरोपीय मठवासी निघून गेले. गावोगावचे ख्रिस्ती शेतकरी, मासेमार, बागायतदार मात्र आपल्या वाड्यांत राहिले, आणि गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनी त्यांची चर्चं चालू ठेवली. सारा पेशव्यांना भरायचा, पण गावातला फादर ज्या आर्चबिशपचा, त्याला पोर्तुगालच्या राजाने निवडलेलं. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांचा शिरकाव झाला, १८१८ नंतर राज्यच त्यांचं झालं, तरी पापडीच्या चर्चच्या वरचा धागा गोव्यामार्फत लिस्बनलाच बांधलेला होता. ज्या राजाची वसईत एक चौकीही उरली नव्हती, त्याचा शब्द इथल्या धर्मकारभारात जवळजवळ दोनशे वर्षं चालत राहिला.

मुंबईत हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. १७२० मध्ये इंग्रज गव्हर्नरने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बाहेर काढून रोमने पाठवलेल्या कार्मेलाइटांकडे चर्चं सोपवली. लोकांनी तक्रारी केल्या, सरकारने निर्णय उलटसुलट फिरवले, आणि १७९४ पासून बेटावरची चर्चं दोघांत वाटली गेली: काही रोमच्या प्रतिनिधीकडे, काही गोव्याच्या आर्चबिशपकडे. दोन्ही चर्चं कॅथलिकच, श्रद्धा एकच, पण लग्न कोणत्या फादरने लावायचं यावर भाऊबंदकी. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून प्रकरण हातघाईवर आलं. रोमच्या बाजूचे बिशप आनास्तासिउस हार्टमान स्वतः आत जाऊन दारं लावून बसले, विरोधकांनी बाहेरून वेढा दिला आणि आतल्यांचं अन्नपाणी तोडायचा प्रयत्न केला. शेवटी सरकारने मध्ये पडून दार उघडवलं आणि चर्च गोव्याच्या बाजूकडे गेलं.

आणि आता जर्मन पुन्हा येतात, आपल्याच दारात. १८५० च्या दशकात मुंबईचं काम जर्मन जेझुइटांकडे सोपवलं गेलं. बर्लिनला जन्मलेले लिओ मोयरिन १८६७ पासून मुंबईत रोमचे प्रतिनिधी-बिशप होते. त्यांच्याच काळात, १८६९ मध्ये, सेंट झेव्हियर्स कॉलेज सुरू झालं. १८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगालमध्ये करार होऊन मुंबईची गादी आर्चबिशपची झाली. पहिले आर्चबिशप जॉर्ज पोर्टर इंग्रज, पण त्यांच्यानंतरचे दोघे जर्मन: थिओडोर डालहोफ आणि हेर्मान युर्गेन्स. पुणे धर्मप्रांताचे पहिले बिशप बाइडर-लिंडेन आणि दुसरे हेन्री डोअरिंग हेही जर्मन. पुणे-नगरकडच्या जर्मन जेझुइटांनी मराठी शिकून खेड्यापाड्यांत शाळा काढल्या आणि तिथल्या दलित वस्त्यांत आयुष्यं घालवली. आन्नोच्या देशातून आलेल्या या धर्मगुरूंच्या हातात तलवार नव्हती, जकातही नव्हती. ते परक्या सरकारच्या राज्यात परवानगीने राहत होते.

ती परवानगी किती कच्ची होती, हे १९१४ च्या महायुद्धाने दाखवलं. जर्मनी शत्रू झाली आणि जर्मन धर्मगुरू संशयित ठरले. बऱ्याच जणांना नजरकैदेत ठेवलं गेलं, पुढे देशाबाहेर पाठवलं गेलं. आर्चबिशप युर्गेन्स १९१६ मध्ये वारले. १९१९ मध्ये इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर नेमले जाईपर्यंत मुंबईची गादी रिकामी राहिली, आणि जर्मनांच्या जागी स्पेनचे जेझुइट आले. बिशप डोअरिंग यांची कहाणी तर विलक्षण आहे. पुण्याहून ते जपानला हिरोशिमाच्या नव्या क्षेत्रावर गेले, आणि १९२७ मध्ये आर्चबिशप हा वैयक्तिक किताब घेऊन पुन्हा पुण्याला परतले.

या सगळ्या काळात वसई मुंबईच्या जर्मन आर्चबिशपांच्या हाताखाली नव्हतीच. १८८६ च्या करारात पाद्रोआदोसाठी दमणचा नवा धर्मप्रांत केला होता, आणि साष्टी-वसईची चर्चं त्यात गेली. मुंबई हाकेच्या अंतरावर, रेल्वेने जोडलेली, पण पापडीचे बिशप दमणचे. याच काळात वसईच्या ख्रिस्ती समाजाने स्वतःच्या पायावर उभं राहण्याची एक महत्त्वाची गोष्ट केली. १९१८ मध्ये धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथलिक सहकारी बँक सुरू झाली. तिचं मुख्यालय पापडी नाक्यावर आहे. बिशप नेमणं लोकांच्या हातात नव्हतं. पत उभी करणं होतं, आणि ती त्यांनी केली.

एप्रिल १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगालमध्ये पुन्हा करार झाला. दमणचा धर्मप्रांत बरखास्त झाला, वसई मुंबईला जोडली गेली, दुही संपली. मुंबईचा आर्चबिशप मात्र आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असा असायचा, असं ठरलं. बहुतांश मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या माणसांच्या धर्मप्रांतात पाळी कोणाची, तर या दोघांची. त्याप्रमाणे पोर्तुगीज जुआकीं लीमा आले आणि त्यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्रज थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ही जागा भारतीयाचीच आहे हे त्यांनी ओळखलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाल्यावर ते कारभार त्यांच्यावर सोपवून दूर राहिले आणि १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी १८ जुलैच्या करारात पोर्तुगालने स्वतंत्र भारतातला आपला हक्क सोडला. डिसेंबरात ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

२२ मे १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुंबईतून वेगळा काढून वसई धर्मप्रांत स्थापन केला. वसईपासून डहाणू-तलासरीपर्यंतचा किनारा आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी मुलूख त्यात आला. पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं. पहिले बिशप झाले थॉमस डाबरे, वसईतल्याच भुईगावचे. त्यांचा पीएच.डी.चा विषय होता संत तुकारामांचा देवानुभव, आणि तो प्रबंध १९८७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. साडेचारशे वर्षं लिस्बन, गोवा, दमण आणि मुंबई इथून ज्यांचा कारभार चालला, त्यांना पहिला बिशप मिळाला तो तुकोबांच्या अभंगांत वर्षं घालवलेला, वसईच्या मातीतला माणूस. या एका नेमणुकीने वसईकराला काय वाटलं असेल ते समजायला मागचा सगळा इतिहास माहीत असावा लागतो.

२००९ मध्ये डाबरे पुण्याला गेले आणि फेलिक्स मच्याडो वसईचे बिशप झाले. तेही वसईचेच. रोममध्ये इतर धर्मांशी संवाद साधणाऱ्या खात्यात त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं, आणि २००८ मध्ये नाशिकला नेमताना पोपने त्यांना आर्चबिशप हा किताब दिला होता. त्यामुळे पापडीच्या आसनावर पंधरा वर्षांच्या आसपास एक आर्चबिशप बसले, जरी वसई हा आर्चबिशपचा धर्मप्रांत नाही. तो मुंबईच्या प्रांतसमूहातला एक धर्मप्रांत आहे. किताब माणसाचा होता, जागेचा नव्हे, जसा डोअरिंग यांचा पुण्यात होता.

आज बिशप कसा नेमला जातो? दिल्लीतला पोपचा राजदूत धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंचं आणि निवडक लोकांचं मत गोपनीय पत्रांतून घेतो, शेजारच्या बिशपांना विचारतो आणि तीन नावं रोमला पाठवतो. रोममधलं खातं छाननी करतं, निर्णय पोपचा. सरकारचा त्यात वाटा नाही. वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली की बिशपने राजीनामा देऊ करायचा. मच्याडो मे २०२३ मध्ये ७५ वर्षांचे झाले. मे २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला आणि वसई धर्मप्रांतातलेच फादर थॉमस डिसोझा यांची नेमणूक केली. नव्या बिशपच्या दीक्षेत अंगठी बोटात घालतो आणि दंड हाती देतो तो दुसरा बिशप. दीक्षा घेणाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवणारे बिशप निदान तिघे असावेत, असा संकेत आहे. ज्यांच्यासाठी ही नेमणूक असते ते लोक समोर बसलेले असतात, आणि नव्या बिशपला स्वीकारल्याची खूण म्हणून टाळ्या वाजवतात. मतदान त्यांचं नसतं. धर्मप्रांताच्या सल्लागार मंडळांत सामान्य माणसांना जागा आहे. नेमणुकीच्या वेळी त्यांना अधिक मोकळेपणाने विचारलं जावं, ही मागणी जगभरच्या कॅथलिकांत आहे. २०२१ ते २०२४ या काळात फ्रान्सिस यांनी चालवलेल्या विचारविनिमयात तिचा उच्चार झाला आणि त्याच्या अंतिम अहवालातही ती नोंदली गेली.